खिडकीच्या बाजूचा आवाज

मी एक जुनी तार आहे. फार लांब नाही. मोबाइलपासून गाडीतल्या स्टिरिओपर्यंत पोचेन आणि मध्ये थोडीशी लोंबेन, एवढीच. माझ्या दोन्ही टोकांना एकसारख्या पिना आहेत आणि त्यातल्या एका पिनेच्या मानेला राखाडी दोरा गच्च गुंडाळलेला आहे. तो पाहून लोक विचारतात, हिला काय झाले होते? मित्रांनो, तेच सांगायला आज बसले आहे. बसले आहे, हे आपले बोलायची पद्धत म्हणून. खरे तर मी एका खिळ्याला टांगलेली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुमची निराशा व्हायला नको. मला काही वाटत नाही. माझ्यातून आवाज जातो, माझ्यात तो राहत नाही. हसण्याचा आवाज गेला काय आणि रडण्याचा गेला काय, तांब्याला दोन्ही सारखेच. तेव्हा कुठे माझा गळा दाटून येईल अशी वाट पाहू नका. गळ्याला फक्त दोरा आहे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. केसांहून बारीक तांब्याचे तंतू पिळून तिथे आमच्या शिरा करत. माझ्या पोटात अशा तीन शिरा आहेत. एक या बाजूच्या आवाजाची, एक त्या बाजूच्या आवाजाची आणि तिसरी दोघींच्या परतीची वाट. वरून काळे रबर. शेडच्या शेवटच्या टेबलावर एक बाई बसत. त्या प्रत्येक तार यंत्रात खोचत. एक बाजू वाजली की मान हलवत, दुसरी वाजली की पुन्हा मान हलवत, मग तार टोपलीत टाकत. दिवसभर त्यांची मान होकारार्थीच हले. घरी गेल्यावर त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसणार, असा आम्हा तारांचा अंदाज होता. माझ्याही दोन्ही बाजू वाजल्या. त्या दिवशी मी पूर्ण होते.

मग मी पाकिटात गेले आणि गाड्यांचे स्टिरिओ बसवणाऱ्या एका माणसाच्या दुकानात लटकत राहिले. तिथे माझ्या शेजारी हॉर्न होते, सीटची कव्हरे होती आणि आरशाला अडकवायचे सुगंधी पुठ्ठे होते. बरेच दिवस कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. एक दिवस चष्मेवाले आले.

चष्मेवाले म्हणजे चष्म्याच्या दुकानाचे मालक. काचा घासणे, फ्रेम वाकवणे, नाकावर नीट बसवणे हा त्यांचा धंदा. पण दुकान बंद केले की ते एका शाळेच्या रिकाम्या वर्गात जात आणि तिथे जमणाऱ्या पंधरावीस माणसांकडून समूहगान बसवून घेत. त्यात औषधाच्या दुकानातली बाई होती, दोन बहिणी होत्या, एक निवृत्त पोस्टमन होता, एक शिंपी होता. रोजच्या तालमीचे चष्मेवाले मोबाइलवर रेकॉर्डिंग करत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला जाताना गाडीत ऐकत. फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर काही धड कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. गाडी जुनी होती. तिच्या स्टिरिओला रेडिओ होता आणि समोर एक गोल भोक होते. ते भोक पाहून स्टिरिओवाल्याने मला खाली काढले.

स्टिरिओवाला कामापुरते बोलणारा, पण त्या दिवशी त्याने मन लावून समजावले. जाड आणि बारीक आवाजाची बटणे मधोमध ठेवा, फोन गाडीतच चार्जिंगला लावून गाणे ऐकू नका, इंजिनाची शिट्टी गाण्यात घुसते, पिन टक् असे वाजेपर्यंत आत ढकला, असे सगळे.

"फोनचा आवाज पार टोकाला न्यायचा नाही," तो म्हणाला. "थोडा खालीच ठेवायचा आणि बाकीचा स्टिरिओवर वाढवायचा. टोकाला नेला की आवाज फाटतो. आणि काढताना पिन धरून काढा. तारेला धरून ओढलं की मान तुटते."

चष्मेवाल्यांनी सगळे ऐकले आणि शेवटचे तेवढे विसरले. शेवटचे सगळेच विसरतात.

मित्रांनो, पुढची काही वर्षे माझी चांगली गेली. तालमीच्या वेळी चष्मेवाले समोरच्या खुर्चीवर फोन आडवा ठेवत. त्या फोनला दोन टोकांना दोन कान होते. एका बाजूला उंच आवाजाची माणसे उभी राहत, दुसऱ्या बाजूला खालच्या आवाजाची, आणि फोन दोघांना वेगवेगळे टिपून ठेवी. सकाळी गाडीत मला जोडले की उंच आवाज पलीकडच्या दारातून येत आणि खालचे आवाज चष्मेवाल्यांच्या स्वतःच्या दारातून, खिडकीच्या बाजूने, अगदी गुडघ्याजवळून येत. अख्खा वर्ग आपापल्या जागी उभा राहून गातो आहे, असे वाटे. चष्मेवाले भेटेल त्याला सांगत, की ही तार लावल्यापासून गाडीत बसलो की तालमीतच बसतो. माझे कौतुक एवढेच झाले, पण खरे झाले.

खालच्या आवाजांमध्ये मुख्य आवाज शिंप्याचा होता. माणूस सुईसारखा बारीक, पण तोंड उघडले की रिकाम्या पिंपातून कुणी बोलावे तसा आवाज. त्यामुळे शाळेतच त्यांचे नाव पिंप पडले. चष्मेवाल्यांची मुलगी त्यांना पिंपकाका म्हणे, तर मीही तेच म्हणते. ते आणि चष्मेवाले एकाच बाकावर बसून मोठे झाले होते. लहानपणी चष्मेवाल्यांच्या खिशात सदा एक भिंग असे, म्हणून पिंपकाका त्यांना भिंग्या म्हणत. त्या नावाने हाक मारणारे जगात ते एकटेच उरले होते. तालीम सुटली की चष्मेवाले त्यांना गाडीने घरी सोडत. वाटेत दोघे भांडत, कधी गाण्यावरून, कधी कोटाच्या बाह्यांवरून.

त्या समूहाचे एक आवडते गाणे होते. त्यात उंच आवाज वर-खाली फिरत राहत आणि खालचे आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर धरून उभे राहत. बाकीच्यांना ते काम कंटाळवाणे वाटे. पिंपकाका म्हणत, हे अस्तर आहे, दिसत नाही, पण ते नसले की कोट अंगावर बसत नाही. खालच्या आवाजाचे बाकीचे दोघे त्यांच्याच मागोमाग चालत.

मग एका सकाळी चष्मेवाल्यांचा एक कान गेला.

ते उठले आणि खिडकीच्या बाजूचा, म्हणजे गाडी चालवताना जो खिडकीकडे असतो तो कान मिटलेला होता. पायाला मुंग्या येऊन तो आपला वाटेनासा होतो, तसा तो कान त्यांचा वाटेना. त्यांनी तो दाबून पाहिला, जांभया दिल्या, गरम कपडा धरला. उद्या उघडेल म्हणाले. उद्याही उघडला नाही. डॉक्टरकडे जायचे त्यांनी पुढे ढकलले आणि घरात कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर सगळे प्रेमानेच वागले असते. तीच तर भीती होती. प्रेमाने त्यांना खुर्चीत बसवले असते आणि त्यांच्या जागी दोन कानांचा दुसरा कुणी उभा केला असता. दुकानावर त्यांचे पोट चाले, पण सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटे ते त्या तालमीमुळे. ती हातची जाऊ नये म्हणून ते गप्प बसले.

त्यांना दुःख झाले का? मला तसे दिसले नाही. माणूस रडला असता, चिडला असता, तर बरे झाले असते. ते फक्त बधिर झाले. जेवायचे, गाडी चालवायचे, काचा घासायचे. बायको काही म्हणाली की हसायचे, कारण हसलेले कुठल्याही वाक्याला चालते. रस्त्याने जाताना ते आता बायकोच्या दुसऱ्या बाजूने चालू लागले. बायकोला वाटले, इतक्या वर्षांनी यांना सुचले बरे, मला वाहनांपासून सांभाळतात. ती शेजारणीपाशी कौतुकाने बोललीही. दुकानात त्यांनी गिऱ्हाइकाची खुर्ची टेबलाच्या पलीकडे सरकवली. गाडीत मात्र काहीच बदलावे लागले नाही. मिटलेला कान खिडकीकडे आणि बोलणारा माणूस नेहमी चांगल्या कानाकडे. गाडीत ते पूर्वीसारखेच होते.

मित्रांनो, एका कानाने ऐकू येते, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. ते कळायला दोन लागतात. वर्गात सगळे गायला लागले की चष्मेवाल्यांना आता एक गोळाच ऐकू येई. पिंपकाका तर मिटलेल्या कानाच्या बाजूला उभे असत. त्यामुळे वर्गातल्या ऐकण्यावर चष्मेवाल्यांचा विश्वास उरला नाही. ते सगळी भिस्त माझ्यावर ठेवू लागले. गाडीत दोन्ही दारांचे आवाज एका कानाला का होईना, पोचत होते. सकाळी नीट ऐकायचे आणि संध्याकाळी त्याप्रमाणे सांगायचे, अशी त्यांनी पद्धत पाडली. कुणाला काही कळले नाही.

आणि अशातच मी तुटले.

चष्मेवाले घाईचे माणूस. फोन उचलताना मला पोटाला धरून ओढत. एक दिवस मानेच्या आत माझी एक शीर तुटली. नेमकी खिडकीच्या बाजूची. वरचे रबर जसेच्या तसे राहिले. मला दुखले वगैरे नाही. कालपर्यंत खालचे आवाज माझ्यातून जात होते, आजपासून मानेपर्यंत येऊन थांबू लागले, एवढाच फरक.

दुसऱ्या कुणीही गाडीत बसून लगेच सांगितले असते, की या बाजूने वाजत नाही, तार गेली, नवी घ्या. चष्मेवाल्यांना ते सांगता आले नाही, कारण त्यांना बाजूच नव्हत्या. त्यांना इतकेच कळले की गाण्यातून पिंप गेला. अस्तर गेले. असे अचानक काहीतरी नाहीसे होणे त्यांनी एकदा अनुभवले होते. त्यांनी स्टिरिओचा आवाज वाढवला, मग फोनचा पार टोकाला नेला. उंच आवाज फाटू लागले, खालचे आले नाहीत. दुकानात जाऊन त्यांनी फोनच्या स्पीकरवर ऐकून पाहिले, पण त्या इवल्याशा स्पीकरवर जाड आवाज तसाही मरतो. कानात खुपसायचे इअरफोन होते, पण ते त्यांनी केव्हाच बाजूला टाकले होते. दोन खुपसून एकच वाजणे त्यांना नको होते.

म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर उरलेला कानही चालला, नाहीतर पिंप चालला. चष्मेवाल्यांनी ठरवले, पिंप चालला.

त्या दिवसापासून तालमीत पिंपकाकांच्या मागे ससेमिरा लागला. जोरात. आणखी जोरात. सूर पोचत नाही. पिंपकाका आधी हसले, मग छाती भरून गायले, मग त्यांना खोकला येऊ लागला. त्यांच्या मागोमाग चालणारे दोघेही गोंधळले. कार्यक्रम जवळ आला होता, गावातल्या मोठ्या सभागृहात गायचे होते आणि सगळ्यांच्या घरच्यांनी तिकिटे घेऊन ठेवली होती. उंच आवाजाच्या बहिणी एकमेकींकडे पाहू लागल्या, कारण त्यांच्या मते खालचे आवाज आता नको इतके मोठे येत होते. पण चष्मेवाल्यांना कोण सांगणार? तेच तर सांगणारे.

मग ती तालीम झाली. मी तिथे नव्हते, मी गाडीत होते. पण फोन नेहमीसारखा खुर्चीवर आडवा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे माझ्यातून गेले. गाणे मध्येच थांबले. मग चष्मेवाल्यांचा आवाज आला, सपाट, काचेवरची धूळ पुसावी तसा.

"पिंपा, तुझा आवाज उरलेला नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मागे उभा राहा आणि नुसते ओठ हलव."

कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणीतरी अवघडून हसले. आणि त्याच वेळी पिंपकाका आपल्या जागेवरून हळू आवाजात काहीतरी बोलले. ते शब्द फोनमधून निघाले, माझ्या खिडकीच्या बाजूच्या शिरेतून मानेपर्यंत आले आणि तिथे थांबले. पुढे केसभर अंतर होते. ते त्यांना ओलांडता आले नाही. चष्मेवाल्यांनी ऐकले ते इतकेच, की खुर्ची सरकली, कुणी हसले, त्यांचा स्वतःचा आवाज म्हणाला, "चला, पहिल्यापासून," आणि थोड्या वेळाने दार वाजले. एवढ्या वर्षांचा दोस्त एक शब्दही न बोलता निघून गेला, असे त्यांना वाटले. त्यांनी गाडी दुकानासमोर लावली, मला ओढून काढले आणि काम सुरू केले.

पिंपकाका पुन्हा तालमीला आले नाहीत. संध्याकाळी गाडीतली शेजारची जागा रिकामी जाऊ लागली. ते गेल्यावर बाकीचे दोघे सूर शोधत भटकू लागले. पण गंमत पाहा. गाडीत गाणे तसेच वाजत राहिले. पिंपकाका असताना जसे वाजत होते, नसतानाही तसेच. म्हणजे आपण बोललो ते बरोबरच होते, असे चष्मेवाल्यांनी स्वतःला बजावले. त्यात त्यांना आनंद झाला नाही आणि दुःखही झाले नाही. त्या दिवसांत आम्ही दोघे अगदी सारखे होतो. दोघांची एक बाजू बंद होती, दोघेही बाहेरून धडधाकट होतो आणि दोघांनाही काही वाटत नव्हते.

कार्यक्रमासाठी मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात कामाला होती. चष्मेवाले तिला आणायला स्टेशनवर गेले. लहानपणी ती त्याच वर्गात बाकावर झोपून तालमी ऐकत मोठी झाली होती. गाडीत बसल्या बसल्या तिने विचारले, पिंपकाका कसे आहेत, आणि त्यांचे ते अस्तराचे गाणे लावा म्हणाली. चष्मेवाल्यांनी काही सांगितले नाही. पिंपकाका ज्यात होते असे शेवटचे रेकॉर्डिंग काढले आणि लावले. ते त्याच शेवटच्या तालमीचे होते. ते भांडणापर्यंत वाजू द्यायचे नाही, असे त्यांनी मनात ठरवले असावे.

मुलगी थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने वडिलांच्या दाराकडे पाहिले. मग वाकून दोन्ही बाजूंना आवाज वाटणारे स्टिरिओवरचे बटण तपासले. ते मधोमधच होते.

"बाबा, तुमच्या बाजूचा स्पीकर बंद आहे."

चष्मेवाले हूं म्हणाले. कधीपासून, असे तिने विचारले. ते पुन्हा हूं म्हणाले. तिला आधी वाटले थट्टा चालली आहे. स्पीकर यांच्या गुडघ्याशी, आणि यांनाच पत्ता नाही? पण ते समोर रस्त्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तेव्हा तिने फोनमध्ये खोचलेली माझी पिन बोटांत धरली आणि हळूच पिळली. खरखर झाली. माझ्या शिरेची तुटलेली टोके एकमेकांना टेकली आणि खिडकीच्या बाजूने पिंपकाका गाऊ लागले. पोटातून, भरदार, एकही धागा न उसवता.

चष्मेवाल्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आवाज होता. पहिल्यापासून होता. उरलेला कान गेला नव्हता आणि पिंपही गेला नव्हता. गेली होती ती मी. ते तसेच बसून राहिले आणि त्या नादात रेकॉर्डिंग थांबवायचे राहून गेले. गाणे मध्येच थांबले. त्यांचा स्वतःचा तो सपाट आवाज आला, ओठ हलव म्हणणारा. मुलीने चमकून त्यांच्याकडे पाहिले. खुर्ची सरकली. कुणी अवघडून हसले. आणि मग, त्या सकाळी माझ्या मानेशी येऊन थांबलेले शब्द त्या केसभर जागेतून पलीकडे गेले.

"भिंग्या, तुला त्या कानानं येत नाहीये का? मी या बाजूला येऊन उभा राहू?"

त्यावर चष्मेवाल्यांचा आवाज म्हणाला, "चला, पहिल्यापासून." मग दार वाजले.

मुलीने पिन सोडली. खिडकीची बाजू पुन्हा मिटली.

"पुन्हा धर," चष्मेवाले म्हणाले. मग त्या कानावर हात ठेवून म्हणाले, "या कानानं मला काहीच येत नाही."

हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले. मुलीने आईला माहीत आहे का ते विचारले, डॉक्टरांचे विचारले. दोन्हीला उत्तर एकच होते, नाही. ती रागावली नाही. तिने पुन्हा पिन धरली आणि ते रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावले. चष्मेवाले रडत होते, पण त्याचा आवाज होत नव्हता, त्यामुळे त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.

तिथून ते घरी गेले नाहीत. शिंप्याच्या दुकानाशी गाडी थांबवली. चष्मेवाल्यांनी फोन खिशात टाकला आणि त्याच्याबरोबर मीही लोंबत आत गेले. पिंपकाका मशीनवर पाय मारत होते. चष्मेवाले जाऊन उभे राहिले ते नेमके चुकीच्या बाजूला. पिंपकाकांनी मान वर केली नाही. दोरा दातांनी तोडला आणि काहीतरी म्हणाले. चष्मेवाल्यांना ते पोचले नाही. मुलगी सांगायला पुढे झाली, पण पिंपकाकांनी हाताने तिला थांबवले. ते उठले. आपले स्टूल उचलले. कापडाच्या तागांना वळसा घालून चष्मेवाल्यांच्या दुसऱ्या बाजूला आले, तिथे स्टूल ठेवले आणि बसले.

"आता बोल," ते म्हणाले.

चष्मेवाल्यांनी सांगितले. "तार तुटली होती, मला वाटलं तुझा आवाज गेला." कानाचेही सांगितले. एवढ्या दिवसांचे सगळे त्यांनी दोनचार वाक्यांत सांगून टाकले, कारण सांगायला फारसे काही नव्हतेच, फक्त सांगायचे होते.

"मी विचारलं होतं तुला," पिंपकाका म्हणाले.

"ते मी आज ऐकलं."

पिंपकाकांना वाटले होते, भिंग्याने ऐकून कानाआड केले. मग त्यांनी चष्मेवाल्यांच्या खिशातून मला बाहेर काढले, उजेडाकडे धरून मान चाचपली, पेटीतून कोटाच्या बटणांचा जाड राखाडी दोरा काढला आणि मुलीला फोन धरायला सांगितला. दुकानातल्या दोन स्पीकरांच्या जुन्या रेडिओला त्यांनी माझे दुसरे टोक जोडले. दोन्ही बाजू वाजेपर्यंत मान वळवली आणि वाजल्याबरोबर तिथेच दोरा ओढून वेढे घातले, एकावर एक, गाठ मारून.

"भिंग्या," ते म्हणाले, "तार बदलायची सोडून माणूस बदललास की रे."

चष्मेवाले हसले. या वेळी वाक्य ऐकून हसले.

मित्रांनो, पुढे सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. डॉक्टरांनी कान तपासला आणि सांगितले, की कान गेला त्या पहिल्या दिवसांतच आला असतात तर कदाचित काही करता आले असते. आता तो परत येणार नाही. तो आलाही नाही. बायकोला सांगितले तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उभी राहिली. संध्याकाळी फिरायला जाताना मात्र ती स्वतःहून वळसा घालून त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेली. समूहासमोर चष्मेवाल्यांनी स्वतः उभे राहून सांगितले. त्यांची जागा कुणी मागितली नाही. औषधाच्या दुकानातल्या बाईने एवढेच विचारले, मग खालच्या आवाजांना तिकडून इकडे आणायचे का? आणले. इतकी साधी गोष्ट होती.

कार्यक्रमाला मी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग माझ्यातून गेले तेव्हा पिंपकाका दुसऱ्या दारातून गात होते. मध्ये एकदा त्यांना खोकलाही आला. शेजारच्या सीटवर ते स्वतः बसले होते आणि तो खोकला भिंग्यामुळेच आला, असे म्हणत होते.

आता चष्मेवाल्यांकडे नवी गाडी आहे. तिला भोकच नाही, फोन तिला हवेतूनच जोडला जातो. मी काही दिवस हातमोजे, जुनी बिले आणि पेनांच्या टोपणांबरोबर एका खणात पडून होते. मग चष्मेवाल्यांनी मला पिंपकाकांना देऊन टाकले. त्यांच्या दुकानात मोजमापाच्या फितीशेजारी, खिळ्यावर मी असते. मशीनवर काम चालू असले की कधीतरी ते मला रेडिओला जोडतात आणि तालमीचे गाणे लावतात. बरेच दिवस कुणी हात लावला नाही, तर माझ्यावर कापडाची धूळ बसते. माझे काही म्हणणे नाही.

फक्त एवढे सांगते. तारेला ओढू नका, पिन धरून काढा. तार वाजते आहे म्हणून ती शाबूत आहे असे समजू नका, दोन्ही बाजू ऐकून पाहा. आणि तुमच्या घरातले कुणी सारखे जोरात, जोरात म्हणत असेल, विचारल्याला उत्तर न देता नुसते हसत असेल, तर लगेच रुसून दार लावून जाऊ नका आणि आवाजही वाढवू नका. उठा, आपले स्टूल उचला आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा.